हक्काचं मागितलं म्हणून काढलं, तर?



दिवसभर राबून तुम्ही इथे बसला आहात. कुणी उसात होतं, कुणी कापसात. कुणी जालन्याच्या कारखान्यातून पाळी करून आताच वडीगोद्रीच्या फाट्यावर उतरलं असेल. जेवणखाण आटोपून पाटी-पुस्तक घेऊन आलात. म्हणून आम्ही फार लांबण लावणार नाही. पण आजचा विषय जरा अवघड आहे. मधेच कुणाला काही विचारावंसं वाटलं तर हात वर करा. लाजू नका.

गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक मावशी थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, अक्षर वळलं. सही बी येती आता. पण तोंड उघडायची सोय कुठंय? हक्काचं मागितलं की मालक म्हणतो, उद्यापून येऊ नको. मग शिकून काय करायचं?"

त्यांना आम्ही त्या रात्री नीट उत्तर दिलं नाही. घाईत होतो. ते उत्तर आज देतो.

मालकाने डूख धरणं तुम्हांला ठाऊक आहे. एखादा मजुरीचा हिशोब विचारतो. एखादी बाई तक्रार करते. एखादा दुसऱ्याच्या बाजूने साक्ष देतो. आठ दिवस काही होत नाही. नंतर त्याला अवघड काम मिळू लागतं. मग लांबची बदली होते. मग एके दिवशी दारावरचा वॉचमन म्हणतो, तुझं नाव काढलंय. कारण विचारलं तर भलतंच काही सांगतात. असा सूड घ्यायला कायद्याने बंदी आहे. ही बंदी कुठवर पोचते आणि कुठे पोचत नाही, ते आज बघू.

आधी एका माणसाची हकीकत सांगतो. त्याचं नाव आणि गाव सांगत नाही. मालकाचंही सांगत नाही.

हा माणूस एका जिनिंगमध्ये कामाला होता. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जिनिंगमध्ये रात्र आणि दिवस एक होतो. सरकी वेगळी, रुई वेगळी, मग रुईच्या गाठी. आठ तासांची पाळी बारा तासांवर जायची. जादा तासांचे पैसे दुप्पट दराने द्यावेत असा कायदा आहे. हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. हंगाम संपत आला तेव्हा त्याने धीर करून शेठला विचारलं. शेठ रागावला नाही. "बघू," एवढंच म्हणाला.

शनिवारी मुनीमने बोलावलं. समोर कागद ठेवला.

"तुपला हिशोब झालाय. इथं अंगठा लाव."

"काय लिवलंय, मुनीमजी?"

"वाचता येतंय का तुला? मग इचारतो कामून? हिशोब लिवलाय."

त्याने अंगठा लावला. आठवड्याचे पैसे घेतले आणि घरी गेला. सोमवारी फाटकावरच त्याला अडवलं.

तो आमच्याकडे आला तेव्हा सात महिने होऊन गेले होते. आधी तो शेठच्या घरी खेटे घालत होता. नंतर शेठच्या मेहुण्याकडे. नंतर पुढाऱ्याकडे. शेवटी आमच्याकडे. त्याला घेऊन आम्ही कामगार खात्याच्या कचेरीत गेलो. तारीख पडली. मुनीमने तो कागद काढून साहेबापुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं की मी माझ्या राजीखुशीने काम सोडत आहे, माझा सर्व हिशोब मिळाला, माझी काही तक्रार नाही. खाली अंगठा. अंगठा त्याचाच होता.

आम्ही गप्प झालो. तो म्हणाला, "साहेब, मी असं बोललो बी नाही." साहेब म्हणाले, "बाबा, कागद बोलतोय."

मग त्याच्या बायकोने पिशवीतून एक कॅलेंडर काढलं. भिंतीवरचं साधं कॅलेंडर. नवरा ज्या ज्या रात्री उशिरा आला, त्या त्या तारखेवर त्यांच्या चौथीतल्या मुलीने लाल पेन्सिलीने फुली मारली होती. आईने तिला सांगितलं नव्हतं. बापाची वाट बघत जागी राहायची, म्हणून मारायची. साहेबांनी कारखान्याचं फाटकावरचं रजिस्टर मागवलं. फुल्या आणि रजिस्टर ताडून पाहिलं. बहुतेक रात्री जुळल्या.

जादा तासांचे पैसे त्याला मिळाले. काम परत मिळालं नाही. एक तर राजीनाम्याचा कागद आडवा आला. दुसरं म्हणजे वेळ गेली होती. दोन्ही टाळता आलं असतं. म्हणून आज बोलावंसं वाटलं.

आता थोडं मागचं सांगतो.

मुंबईच्या कापडगिरण्या तुम्ही ऐकल्या आहेत. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तिथे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. रविवारची सुट्टी नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा परळला भरवली. अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्या माणसांचा विचार करा. प्रत्येकाच्या डोक्यावर जॉबर होता, म्हणजे आपला मुकादमच. जॉबरच कामाला लावी आणि जॉबरच काढी. सही केली म्हणून त्याने काढलं असतं, तर कोर्टात जायला एकही कायदा नव्हता. खुद्द लोखंडे पूर्वी गिरणीत नोकरी करत. ती सोडून ते १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र चालवीत होते. गिरणीमालकाला त्यांची भाकरी काढून घेता येत नव्हती. सह्या करणाऱ्यांची येत होती. तरी त्यांनी केल्या. १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी बाजाराला जातो ते त्या सह्यांमुळे.

कायदे नंतर आले. संघ करण्याचा कायदा १९२६ साली. मालक-कामगारांच्या तंट्यांचा कायदा १९४७ साली. आणि महाराष्ट्राने १९७१ साली आपला वेगळा कायदा केला. तो ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. त्याचं नाव लांबलचक आहे. त्यातले दोन शब्द ध्यानात ठेवले तरी पुरे. ‘अनुचित प्रथा’. अनुचित म्हणजे बरी नव्हे अशी. प्रथा म्हणजे वागण्याची रीत. मालकाने कामगाराशी कसं वागू नये, याची यादीच त्या कायद्याला जोडली आहे. संघांनी कसं वागू नये याचीही यादी आहे, पण ती आज बाजूला ठेवू.

मालकाच्या यादीत काय काय आहे? सूड म्हणून कामगाराला काढणं. खोट्या फौजदारी प्रकरणात त्याला गोवून काढणं. न सांगता गैरहजर राहिला असा खोटा आरोप ठेवून काढणं. धोरणाचं नाव पुढे करून आकसाने बदली करणं. वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून राबवून कायम न करणं. आणि आजच्या विषयाचं कलम असं: औद्योगिक तंट्याच्या कामात मालकाविरुद्ध तक्रार केली किंवा साक्ष दिली म्हणून कामगाराला काढणं, किंवा त्याला दुजाभावाने वागवणं.

साक्ष दिली म्हणूनही, हे नीट ऐका. तक्रार शेजारच्या गड्याची असेल. तुम्ही फक्त पाहिलं ते सांगितलं असेल. तरी तुम्हांला त्रास द्यायचा नाही.

या कायद्यात तक्रार करायला नव्वद दिवसांची मुदत आहे. अडचण पटली तर कोर्ट उशीर माफ करू शकतं, पण त्यावर विसंबू नका. जिनिंगवाला सात महिन्यांनी आला, म्हणजे दोनशे दहा दिवस. हा हिशोब तुम्हांला आता करता येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९४७ चा जुना कायदा गेला. त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. तिच्यातही अनुचित प्रथांची यादी आहे, आणि सूडाने काढणं, तक्रारीबद्दल किंवा साक्षीबद्दल काढणं त्या यादीत आहे. असं वागणाऱ्या मालकाला दहा हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या जागेला कोणतं कलम लावायचं ते वकील बघेल. तुम्ही दिवस मोजा.

डूख धरलेला मालक खरं कारण कधी लिहून देत नाही. ‘पगार मागितला म्हणून काढला’ असं कुणी लिहील का? तो दुसरी चूक शोधतो. उशीर, झोप, उलट उत्तर. चूक थोडी खरीही असते. मग कामगारालाच वाटतं, आपलंच चुकलं. इथे कोर्टाने काय म्हटलं ते ऐका.

कलर-केम नावाच्या कंपनीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. निकाल १९९८ साली लागला. रात्रपाळी होती. पहाटे साहेब अचानक तपासणीला आले. यंत्र चालू आणि माणसं झोपलेली. त्यांतल्या दोन मजुरांना कामावरून काढलं. झोपणं चूकच होती. कोर्टानेही ती चूक म्हटली. पण एवढ्या चुकीला भाकरीच काढून घेणं म्हणजे ऐकणाऱ्याला धक्का बसावा अशी शिक्षा आहे, असं कोर्टाने म्हटलं. अशी बेसुमार शिक्षा ही सुद्धा कामगाराला छळण्याचीच रीत धरली. वर सांगितलेल्या महाराष्ट्राच्या कायद्याखालीच हा निकाल झाला.

दुसरा निकाल १९९५ सालचा आहे. मुंबईच्या हिंदुस्थान लिव्हर कंपनीचा. प्रश्न असा होता की, मालकाने अजून काढलेलं नाही, पण काढण्यासाठी खोटी चौकशी सुरू केली आहे. तर कामगाराने काढेपर्यंत वाट बघायची का? सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही. काढण्याची पावलं पडू लागली की कोर्टात जाता येतं. घर जळून गेल्यावर विहीर खणायची नाही, हे आपण जाणतोच. कोर्टानेही तेच सांगितलं.

आणखी एक. तंटा साहेबापुढे किंवा कोर्टापुढे चालू असताना मालकाला कामगाराच्या कामाच्या अटी आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत. त्या तंट्याशी जोडलेल्या कारणावरून काढायचं तर आधी लेखी परवानगी लागते. तंट्याशी संबंध नसलेल्या चुकीसाठी काढलं तर एक महिन्याचा पगार देऊन मंजुरी मागावी लागते. २००२ साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की मंजुरीच घेतली नाही तर ते काढणं पोकळ ठरतं. निकाल जुन्या कायद्याखालचा आहे, पण ही तरतूद नव्या संहितेतही ठेवली आहे. म्हणून तक्रार करणाऱ्याने भिऊन तक्रार मागे घेऊ नये. तक्रार चालू आहे तोवर तिचाच आडोसा असतो.

परवा एका दादाने विचारलं, मग एसटीवाल्यांचं काय झालं होतं? बरोबर विचारलं. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप झाला. आपल्या फाट्यावर कित्येक महिने नेहमीची लाल गाडी दिसली नाही, तुम्हांला आठवत असेल. हजारो कर्मचाऱ्यांना निलंबित केलं, कित्येकांना बडतर्फ केलं. संप बेकायदा आहे असं महामंडळाचं म्हणणं होतं. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की कर्मचाऱ्यांनी २२ एप्रिलपर्यंत कामावर यावं, आणि येतील त्यांच्यावर महामंडळाने काढण्याची कारवाई करू नये. पुष्कळ जण परतले. आमचं मत विचाराल तर, संप करताना नोटीस आणि मुदत हे नियम पाळलेच पाहिजेत. बेकायदा संपाला कायद्याचा तसा आडोसा मिळत नाही. तिथे हायकोर्टाने मधे पडून माणसांच्या नोकऱ्या वाचवल्या, दर वेळी असं होईलच असं नाही. एकट्याने अर्ज करणं, तक्रार देणं, साक्ष देणं याला मात्र संपाचे नियम लागत नाहीत.

आता बाया-बापड्यांसाठी थोडं जास्त बोलतो. मागच्या ओळीत बसलेल्यांनी जरा पुढे सरका.

राजस्थानात भंवरीदेवी नावाची बाई सरकारच्या योजनेत ‘साथिन’ म्हणून गावात काम करी. बालविवाह थांबवणं हा तिच्या कामाचाच भाग होता. १९९२ साली तिने असा एक विवाह अडवायचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून तिच्यावर अत्याचार झाल्याची तक्रार तिने केली. गावाने तिच्याशी व्यवहार तोडला. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. ज्या कामाचा पगार मिळत होता, तेच काम केल्याची ही शिक्षा होती. पण तिच्यामागे बायांच्या संस्था उभ्या राहिल्या. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला कोर्टाने देशभरासाठी नियम घालून दिले. ‘विशाखा’ म्हणून ते ओळखले जातात. तक्रार करणारीला आणि साक्षीदारांना त्रास होता कामा नये, हे त्यांत लिहिलेलं आहे.

त्यातूनच २०१३ चा कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाने तक्रार समिती नेमायची. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. शेतात, उसाच्या फडात, कुणाच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही ही समिती खुली आहे. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची. अडचण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ‘ऐकलं नाहीस तर काम जाईल’ अशी वाईट हेतूने दिलेली धमकी हा या कायद्यात छळच आहे. चौकशी चालू असताना बाईने लेखी मागितलं तर तिची किंवा त्या पुरुषाची बदली करा, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा द्या, अशी शिफारस समिती करू शकते.

आणि एक कलम आम्हांला फार आवडतं. बाईला लिहिता येत नसेल, तर तिची तक्रार लिहायला समितीच्या माणसांनी मदत केलीच पाहिजे. कायदा करणाऱ्याने आपल्या मावशीचा विचार केला होता.

आता उसाकडे येऊ. कालव्याचं पाणी आल्यापासून आपल्या भागात ऊस वाढला. आपल्याच रस्त्याने बीडकडच्या टोळ्या जातात, आपल्या भागातलेही कोयता घेऊन बाहेर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो. मग हंगामभर उचल फेडायची. कुणी म्हटलं, हिशोबात घोळ आहे, तर उत्तर ठरलेलं. "आधी उचल फेड, मग जा." काही ठिकाणी माणूस अडवून ठेवतात. बैल अडवतात, पोरंसुद्धा अडवतात.

उचल घेणं हा गुन्हा नाही. पण उचलीच्या नावावर माणसाला अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली. तो कायदा ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला आहे. वेठीला धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वेठबिगारीचं ते कर्जच कायद्याने बुडतं. तक्रार तहसीलदाराकडे, प्रांताकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे करायची. जिथे अडकला असाल त्या तालुक्यातल्या साहेबाकडे जा. गाव सोडून लांब आहोत म्हणून कायदा लांब राहत नाही.

पण खरं बोलायचं तर शेतमजुराच्या बाबतीत कायद्याचा हात आखूड आहे. कारखान्यातून काढलं तर परत कामावर घ्या असं कोर्ट सांगू शकतं. रानातल्या मजुराला शेतकऱ्याने उद्या बोलावलंच नाही, तर? किमान वेतन मागता येतं. केलेल्या कामाचे बुडालेले पैसे मागता येतात. उद्या बोलाव असं सांगणारा कायदा नाही. मजुरी मागितली म्हणून समाजाने किंवा जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकलं, तर मात्र महाराष्ट्रात २०१७ पासून तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. या वर्गात बसलेल्यांपैकी काहींच्या रानात मजूर येतात. जालन्यात तुम्ही कामगार आहात, घरी आलात की तुम्हीच मालक. वेचणीच्या वेळी एखादी बाई वजनावरून बोलली म्हणून दुसऱ्या दिवशी तिला टेम्पोत घेतलं नाही, असं आपल्याकडूनही होतं. हसू नका. झालंय.

आता कागदाचं बोलू.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच करायचा नाही. लिहिलेल्या कागदावर करायचा तर वाचून करायचा. वाचायला वेळ लागला तर लागू द्या. मुनीम घाई करील. म्हणेल, लोक खोळंबलेत. खोळंबू द्या. इंग्रजीत असेल तर म्हणा, मराठीत द्या नाहीतर घरी नेऊन वाचून घेतो. पैसे घेताना सही करावीच लागते. तेव्हा सहीशेजारी आपल्या हाताने लिहा, ‘फक्त एक आठवड्याचा पगार मिळाला’, आणि तारीख टाका. एवढं लिहायला तुम्ही शिकलात. जिनिंगवाल्याला एवढंच येत असतं तर तो आज कामावर असता, निदान असं आम्हांला वाटतं.

चार्जशीट आली तर घ्या. पुष्कळ जण घेतच नाहीत. न घेतल्याने सुटका होत नाही. उलट, घ्यायला नकार दिला असं लिहून एकतर्फी चौकशी उरकतात. घ्या, मिळाल्याची तारीख टाका, आणि मुदतीत लेखी उत्तर द्या. उत्तराची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

मालकाला अर्ज द्यायचा तर दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर ‘मिळाला’ अशी सही आणि शिक्का घ्या. याला पोच म्हणतात. पोच देत नसतील तर पोस्टाने पाठवा. पूर्वी आपण रजिस्टर करायचो. २०२५ पासून पोस्टाने रजिस्टर हे स्पीड पोस्टातच सामील केलं आहे. तिथे पोच मागून घ्या आणि पावती जपून ठेवा. फोनवर ‘उद्यापासून येऊ नको’ असा निरोप आला तर तो पुसू नका. रागाच्या भरात पुसतात, आणि पुरावा जातो. पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचं कार्ड, बँकेचं पासबुक हे सगळं एका पिशवीत ठेवा. घरातल्या पोरांनी कॅलेंडरवर फुल्या मारल्या तर मारू द्या.

वकिलाच्या पैशाचं काय? हा प्रश्न नेहमी येतो. १९८७ चा एक कायदा आहे. त्याखाली सरकार फुकट वकील देतं. स्त्री असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, वेठीला धरलेला असेल, किंवा कारखान्यातला कामगार असेल, तर त्याची मिळकत किती हेही बघत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. आपल्याला अंबडला जायचं. जिल्ह्याचं कार्यालय जालन्याच्या कोर्टात. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मावशी, तुम्ही विचारलं होतं, तोंड उघडायची सोय कुठंय. एकदम उघडू नका. आधी लिहा. तोंडी मागितलेलं मालक नाकबूल करतो. लेखी मागितलं आणि नंतर आठ दिवसांनी काढलं, तर त्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून साहेबाला दाखवता येतात. मागणं आधीचं, काढणं नंतरचं. सूड सिद्ध करायला तो पहिला दुवा लागतो.

आज फळ्यावर आम्ही एक अर्ज लिहून ठेवला आहे. प्रत्येकाने तो वाचायचा आहे, आणि उद्या येताना आपल्या वहीत उतरवून आणायचा आहे. रिकाम्या जागा आपापल्या भरायच्या.

दिनांक ............

माननीय मालक / व्यवस्थापक यांस,

मी आपल्याकडे ............ पासून ............ हे काम करतो / करते.

दिनांक ............ ते ............ या दिवसांत मी ठरलेल्या वेळेपेक्षा रोज ............ तास जादा काम केले आहे. त्याचे पैसे मला मिळालेले नाहीत. तरी हिशोब करून पैसे द्यावेत, ही विनंती.

मी काम सोडलेले नाही. मी रोज कामावर हजर आहे.

या अर्जाची पोच मिळावी.

सही ............